सहावीचा वर्ग

बाकं अंगणात रचून ठेवलेली, भिजत.
त्यांच्या जागी अठरा खाटा,
फळ्यावर कुणा पोराचा अर्धवट सोडलेला भागाकार.
मास्तरीण टेग्वेन तो पुसू देईना.
म्हणे, शाळा सुरू झाली की तोच पुरा करेल.

पेनसिल्व्हेनियातलं खाणीचं गाव, एकोणीसशे अठराचा ऑक्टोबर.
खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं की बोट काळं.
पुरुष वरच्या मजल्यावर.
त्यांच्या छातीत कोळशाने आधीच जागा धरलेली,
तापाला फार शोधावं लागलं नाही.
खाली आमच्याकडे बाया:
कुणाला पाचवा, कुणाला सातवा,
वेरोनाचे दिवस भरलेले.

डॉक्टर फ्रान्सला, लढाईवर.
उरलेला एक म्हातारा, त्याच्या घोड्याइतकाच थकलेला.
मी वेल्श, बाया स्लोवाक, लिथुएनियन.
त्यांच्या भाषेतले दोनच शब्द मला येत होते.
दीखाय: श्वास घे.
त्लाच: जोर कर.
वेरोनाच्या रात्री दोन्ही एकदम लागले
आणि कळलं, हे शब्द एकमेकांचे वैरी आहेत.
जिला श्वासच पुरत नाही
तिने जोर कुठून आणायचा?

आधी नखं जांभळी होतात, मग ओठ, मग कानाच्या पाळ्या.
पाळ्यांपर्यंत रंग चढला की मी घड्याळ बघणं सोडायची.
तिच्या पोटाला लाकडी नळी लावली, कान टेकवला.
आत टिकटिक. घाईची, निर्धास्त,
वर काय चाललंय याची वार्ताच नसलेली.
मी किती वेळ तशीच वाकून राहिले.
अख्ख्या इमारतीत
न खोकणारं तेवढंच एक होतं.

मुलगी झाली. पहाटे वेरोना गेली.
सहाला दारात कारकून, नाकावर फडकं:
किती?
दोन जिवांची बाई त्याच्या वहीत एकच.
आता एक वजा, एक अधिक,
आकडा जिथल्या तिथे.
तो खूश झाला.

पोरीला टेबलाच्या खणात निजवलं,
हजेरीच्या वह्या काढून, कापडात गुंडाळलेल्या गरम विटा ठेवून.
खडूचा वास तिच्या जावळाला लागला तो लागलाच.

चौथ्या खाटेवर पेत्रोनेले.
तिचा मुलगा दोन दिवसांपूर्वी आला,
सातव्यातच, न रडता.
ताप उतरला होता, तोंड भिंतीकडे.
छाती पट्ट्यांनी आवळलेली, कापूर लावून.
मीच बांधली होती.
खणातली पोर रडली
आणि पट्ट्या ओल्या झाल्या.
पान्हा कुणाला विचारून फुटत नाही.
तिने पत्र्याचा पेला उचलून खणाच्या दिशेने भिरकावला.
पेला फळ्यावर आपटला.
एवढं समजायला मला लिथुएनियन लागलं नाही.

मी पोर तिच्याकडे नेली नाही.
साखरेचं पाणी थेंबाथेंबाने पाजत राहिले,
निम्मं हनुवटीवरून ओघळायचं.
तिसऱ्या रात्री बसल्या जागी डोळा लागला.
उघडला तेव्हा खण रिकामा.

चौथ्या खाटेवर पाठमोरी आकृती,
जमिनीवर पट्ट्या, गाठ दातांनी तोडलेली.
मी वळसा घालून पुढे गेले.
चेहऱ्यावर माया होती असं खोटं सांगणार नाही.
राग होता. आणि दूध होतं.

सकाळी वरच्या मजल्यावरून वेरोनाचा नवरा आला,
भिंत धरत, बूट हातात.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
सगळ्या खाटा बघून झाल्या,
मग पुन्हा पहिलीपासून.
मी पेत्रोनेलेकडे बोट केलं, म्हणजे पोरीकडे,
आणि बोट दाखवता दाखवताच कळलं
की त्याला ते उलटं समजणार.

पोरीचं पोट भरेपर्यंत पेत्रोनेलेने वळून पाहिलं नाही.
तो उभाच.
वर्गात एकच खुर्ची उरली होती, पोराच्या मापाची.
ती मी त्याला दिली.
तो बसला,
गुडघे हनुवटीशी, बूट मांडीवर.